‘हे त्यांना कळलं कसं?’ : अभ्यासकांचा निष्कर्ष वाचायला शिकताना

लोणारचं विवर उल्कापातानं झालं. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ चा. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहिलं ही कथा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. गडचिरोलीत घरोघरी जाऊन केलेल्या देखभालीनं नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमुक टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली आहेत.

बातमीत या पाचही विधानांपुढे ‘संशोधकांनी सिद्ध केलं’ एवढंच येतं. पण यातलं एक विधान खडकातल्या काचेवर उभं आहे, एक शकावलीतल्या, म्हणजे सालवार नोंदींच्या टिपणातल्या, ओळीवर, एक शेकडो पोथ्यांच्या तुलनेवर, एक गावोगावच्या मृत्यूनोंदींवर आणि एक चक्क एका व्याख्येवर. कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांना मी सांगते की निष्कर्ष पाठ करू नका, त्याच्याखाली काय आहे ते बघायला शिका. त्यासाठी कुठल्याही विषयाची पदवी लागत नाही. एक वही लागते आणि थोडी चिकाटी. मी स्वतः वापरते त्या पायऱ्या खाली देते आहे.

पायरी १ : दावा एका वाक्यात लिहा

एका दाव्याला वहीचं एक पान द्या. वर दावा लिहा, तोही स्वतःच्या शब्दांत आणि एकाच वाक्यात. हे वाटतं तितकं सोपं नाही. ‘लोणारचं विवर ५२,००० वर्षांपूर्वी उल्कापातानं झालं’ या वाक्यात दोन दावे आहेत. विवर कशानं झालं हा एक आणि कधी झालं हा दुसरा. पहिल्याचा पुरावा भक्कम आहे, दुसऱ्यावर अजून वाद चालतो. दोन्ही एका वाक्यात बांधले की पहिल्याची खात्री दुसऱ्यालाही फुकट मिळते. तेव्हा वाक्य फोडा आणि दोन पानं करा.

मग दाव्याखाली लिहा : हे खोटं ठरायचं असेल तर काय सापडावं लागेल? उत्तर सुचत नसेल तर एक तर दावा मोघम आहे, नाहीतर तो आपल्याला अजून कळलेला नाही.

पायरी २ : सिद्धता आणि साक्ष वेगळ्या ओळखा

गणित आधी बाजूला काढू, कारण तिथला न्याय निराळा आहे.

नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा अंक अनेकांना माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार.

शंभर संख्या करून बघितल्या आणि शंभरही वेळा ६१७४ आले, तर ती साक्ष झाली. गणितात तेवढ्यानं भागत नाही. पण वजाबाकीकडे नीट बघा. येणारं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, दोन्हींची बेरीज करा, की झालं उत्तर. पहिला फरक १ ते ९ मधला असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणजे जोड्या उरल्या फक्त ५४. या ५४ तपासल्या की (०३७८ सारख्या शून्यानं सुरू होणाऱ्या धरून) सर्व ९,९९० संख्या तपासल्यासारख्या होतात, आणि प्रत्येक संख्या जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ वर येते हे कायमचं ठरतं. एक दुपार काढून हे हातानं करून बघाच. ‘सिद्ध’ या शब्दाचं खरं वजन एकदा हाताला जाणवलं की इतर विषयांत तो शब्द किती सैल वापरला जातो ते आपोआप दिसायला लागतं.

गणित सोडलं तर बाकी सगळीकडे साक्षीवर काम चालतं. साक्ष कधी माणसाची, कधी पोथीची, कधी दगडाची.

पायरी ३ : साक्षीदार मोजण्याआधी त्यांचं नातं तपासा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

दहा जणांनी एकच गोष्ट सांगितली आणि दहाही जणांनी ती एकाच माणसाकडून ऐकली असेल, तर साक्षीदार एकच. सांगोवांगीला आकडा वाढवून वजन येत नाही. हे तत्त्व सर्वांत काटेकोरपणे वापरलेलं बघायचं असेल तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे पोथ्या ताडून शक्य तितकी जुनी संहिता ठरवण्याचं, काम बघावं. ते १९१९ साली सुरू झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, आणि काम पुरं व्हायला १९६६ साल उजाडलं. देशभरातल्या आणि देशाबाहेरच्या मिळून १,२५९ हस्तलिखितांचा त्यासाठी उपयोग झाला. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोक मांडून अक्षरागणिक पाठभेद टिपले जात. शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही असे पाठ ताडून बघण्याची केंद्रं होती.

आता समजा, एखादा श्लोक दोनशे पोथ्यांत आहे आणि पन्नास पोथ्यांत नाही. बहुमतानं तो मूळचा ठरवायचा का? नाही. त्या दोनशे पोथ्या एकमेकींच्या नकला असतील तर त्यांचं मत एकच. संपादकांनी म्हणून आधी पोथ्यांची कुळं लावली. कुठली पोथी कुठल्या पोथीच्या वळणाची, उत्तरेकडची कोणती, दक्षिणेकडची कोणती, शारदा लिपीतली काश्मिरी परंपरा कोणती, मल्याळम लिपीतली केरळची कोणती. काश्मीर आणि केरळ ही दोन टोकं. तिथल्या नकलाकारांनी एकमेकांच्या पोथ्या बघून लिहिलं असण्याची शक्यता फार कमी. म्हणून दोन्हीकडे एकच पाठ आला तर तो दोघांच्या समान पूर्वजाकडून आला असणार, असं मानायला जागा होते. आणि एखादा प्रसंग एकाच कुळात सापडत असेल, तर तो पुढे कुणीतरी घातला असण्याचा संशय येतो. गणपती लेखनिक झाल्याची कथा याच छाननीत मुख्य संहितेतून निघून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला श्रीकृष्णाचा धावाही मुख्य संहितेत नाही.

अनेकांना याचं वाईट वाटतं, तेव्हा एवढं लक्षात घ्या. संपादकांनी त्या कथेला खोटी म्हटलेलं नाही. उपलब्ध पोथ्यांवरून मागे जाता येईल तितकं मागे गेल्यावर जी संहिता हाती लागते, तिच्यात ती कथा बसत नाही, इतकाच त्यांचा दावा आहे. आणि वगळलेला मजकूर त्यांनी फेकून दिलेला नाही. छोटे भाग तारांकन करून तळटीपांत दिले, मोठे परिशिष्टांत. मला सर्वांत भावते ती आणखी एक गोष्ट. मुख्य संहितेतल्या ज्या शब्दांबद्दल संपादकांना स्वतःलाच पुरती खात्री नव्हती, त्या शब्दांखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. आपल्या निष्कर्षात नेमकं कुठे डळमळीत आहे ते वाचकाला ओळीओळीत दाखवणं, याहून मोठा प्रामाणिकपणा मी अभ्यासात पाहिलेला नाही.

इतिहासात हेच तत्त्व चालतं. शिवजन्माच्या तिथीचा वाद घ्या. पुढच्या काळात लिहिलेल्या काही बखरींत शके १५४९, म्हणजे इसवी १६२७ हे साल येतं. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. नुसती बखरींची संख्या मोजली असती तर शकावली एकटी पडली असती. पण महाराजांच्याच काळात परमानंदांनी रचलेल्या शिवभारत या संस्कृत काव्यात तीच तिथी मिळाली आणि जोधपूरला मिळालेल्या एका कुंडलीतही तीच. मावळातल्या देशमुखांच्या घरची टिपणं, एका कवीचं काव्य आणि दूर राजस्थानातला एक ज्योतिषाचा कागद. तिघांनी ठरवून एकच तिथी लिहिण्याचं कारण दिसत नाही. तीन परके साक्षीदार एका तिथीवर येतात, तिथे उशिरा लिहिलेल्या पाच बखरी असत्या तरी कमीच पडल्या असत्या.

(जाता जाता एक सांगते. या तिथीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्या वेळच्या ज्युलियन कालगणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरनं ती १ मार्च येते. जुन्या कागदात तारीख दिसली की ती कुठल्या गणनेची हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.)

वहीत काय लिहायचं : प्रत्येक साक्षीदाराचं नाव, तो घटनेच्या किती जवळचा, आणि त्यानं हे कुणाकडून घेतलं असू शकतं. तिसरा रकाना भरताना खरा अभ्यास सुरू होतो. इतिहासाचं पुस्तक वाचताना मी त्या प्रकरणाच्या तळटीपा आधी वाचते. सगळ्या टीपा फिरून एकाच ग्रंथाकडे जात असतील, तर पानावर कितीही नावं दिसोत, साक्षीदार एक.

पायरी ४ : दुसरं काय असू शकलं असतं ते विचारा

लोणारकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. चहूकडे दख्खनचा काळा खडक, म्हणजे लाव्हा. मग हे ज्वालामुखीचं तोंड असणार, असं वाटणं साहजिक होतं आणि बराच काळ तसं मानलंही गेलं. गोल खड्डा ही साक्ष दोन्हीकडे लागू पडते. उल्काही गोल खड्डा करते, ज्वालामुखीही करतो. जी साक्ष दोन्ही पक्षांना चालते तिनं निवाडा होत नाही. नव्यानं वाचणाऱ्यानं हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

निवाडा केला तो मॅस्केलिनाइट नावाच्या काचेनं. खडकातल्या फेल्डस्पार खनिजाला प्रचंड दाबाचा धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं. ज्वालामुखी उष्णता देतो, पण असा धक्का देऊ शकत नाही. विवराच्या तळाखालच्या खडकांत अशा धक्क्याच्या खुणा मिळाल्या आणि १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी लोणार हे बेसाल्टमधलं, म्हणजे याच काळ्या खडकातलं, उल्काविवर असल्याचं मांडलं. उल्केचा तुकडा हाती येण्याची वाट त्यांना बघावी लागली नाही. एका कारणानं होऊ शकेल आणि दुसऱ्यानं होऊच शकणार नाही, अशी खूण त्यांनी शोधली.

माणसांवरच्या प्रयोगात अशी काच मिळत नाही. तिथे ‘दुसरं काय असू शकलं असतं’ याचं उत्तर शेजारची गावं देतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ऊब आणि स्तनपान याकडे बघायच्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायच्या. ४७ गावांत हे काम नव्हतं, फक्त जन्म-मृत्यूंची नोंद होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानानं सुमारे ६२ टक्के घटलं. त्या ४७ गावांशिवाय हा आकडा मुका राहिला असता. पाऊसपाणी चांगलं झालं म्हणून, रस्ते झाले म्हणून, साथ आली नाही म्हणून बाळं वाचली असतील, असं कुणीही म्हणालं असतं.

असा लेख हातात आला की हे तीन प्रश्न विचारा. दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते का? हे बहुतेक लेखांत पहिल्याच तक्त्यात असतं, आणि निष्कर्षाआधी तो तक्ता वाचावा. गट कुणी पाडले, चिठ्ठ्या टाकून की सोयीनं? मृत्यू मोजणारा माणूस आणि उपचार करणारा माणूस एकच होता का? गडचिरोलीत गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पुढे काय झालं ते बघावं लागतं. बांगलादेशात सिल्हेट भागात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला तशाच कामाचा प्रयोग झाला आणि २००८ साली त्याचे आकडे आले. घरपोच देखभालीच्या गटात घट सुमारे ३४ टक्के होती. दिशा तीच, आकडा लहान. माझ्या वहीत गडचिरोलीच्या पानावर मी दोन्ही आकडे लिहिले आहेत. ‘घरच्या देखभालीनं बाळं वाचतात’ हा दावा दोन जागी टिकला. ‘६२ टक्के वाचतात’ हा त्या गावांचा, त्या वर्षांचा, त्या माणसांच्या झटण्याचा आकडा आहे. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या कामात अशी देखभाल देशभर आली. तिथे प्रत्येक जिल्ह्यात तोच आकडा मागणं त्या बायकांवर अन्याय करणारं होईल.

पायरी ५ : वस्तू कुठे संपते आणि अर्थ कुठे सुरू होतो

पुरातत्त्व वाचताना ही पायरी सोडू नका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तिथे घरांच्या जमिनीखाली दफनं मिळाली. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं जुळवून आत ठेवलेली, आणि मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले.

पाय तोडलेले आहेत, ही वस्तू. मेलेल्यानं भूत होऊन घर सोडून जाऊ नये म्हणून ते तोडले असावेत, हा अर्थ. अर्थ लावणाऱ्यांनी तो हवेतून आणलेला नाही. इतर समाजांतल्या चालीरीतींशी तुलना करून, मुलांचे पाय का तोडलेले नाहीत याचा विचार करून तो लावला आहे. तरी तो वस्तूइतका पक्का नाही. उद्या दुसरी वस्ती सापडली तर अर्थ बदलेल, सांगाडे तसेच राहतील. वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, एका रंगानं सापडलेल्या गोष्टी अधोरेखित करा, दुसऱ्यानं ‘असावेत’, ‘दिसते’, ‘सूचित होते’ असलेली वाक्यं. चांगला अभ्यासक हे शब्द जपून वापरतो. बातमी होताना तेच शब्द सर्वांत आधी गळतात.

पायरी ६ : शब्दाची व्याख्या मागा

वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चात बसतो, तो खर्च त्यांनी कसोटी म्हणून धरला. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा या प्रकारच्या कसोटीला आक्षेप होता. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी-जास्त जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही, रेषा खाली हवी, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांना ते पटलं नाही. वाद पुण्यातल्याच दोन विद्वानांचा, बराच काळ चालला. पाहणीचे आकडे तेच धरले तरी रेषा कुठे मारायची यावर गरिबांची संख्या काही कोटींनी इकडेतिकडे होते. अर्थशास्त्रातला कुठलाही टक्का वाचताना आधी त्या शब्दाची व्याख्या पानावर उतरवा. ती सापडत नसेल तर तो टक्का वहीत घेऊ नका.

पायरी ७ : पानावर तारीख टाका

आता लोणारचं दुसरं पान, वयाचं. आघाताच्या उष्णतेनं तयार झालेल्या काचेत पुढे किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. ती मोजून १९९०च्या दशकात विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं निघालं. कितीतरी पुस्तकांत आणि फलकांवर हाच आकडा आहे. २०११ साली वितळलेल्या खडकात काळाबरोबर साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून वय सुमारे ५,७०,००० वर्षं आलं. दहापटीहून जास्त. पहिल्या पद्धतीत साठलेली ऊर्जा काळाच्या ओघात गळू शकते, मग वय कमी दिसतं. दुसरीत जुन्या लाव्ह्यातला आर्गॉन पुरता निघून गेला नसेल तर वय जास्त दिसतं. म्हणून दुसऱ्या अभ्यासात तो जुना आर्गॉन वेगळा काढण्यावर बराच भर आहे, आणि मला आज तोच आकडा जास्त विश्वासाचा वाटतो.

माझ्या वहीत त्या पानावर दोन्ही आकडे आहेत. प्रत्येकासमोर पद्धत, ती चुकली तर कुठल्या बाजूला चुकेल, आणि मी ते वाचलं तो दिवस. खाली अर्धं पान कोरं ठेवलं आहे.